मलमाचा थर

ठकूच्या डायपरची पट्टी पोटाशी जिथे चिकटते, तिथे निळ्या शाईनं बारीक अक्षरात सत्तावीस लिहिलेलं होतं.

आधी मला वाटलं, कंपनीचाच काहीतरी आकडा असेल. मी कपाटातून नवा डायपर काढला. त्याच्यावर अठ्ठावीस. त्याखालच्यावर एकोणतीस. पुढचे बघायची गरजच उरली नाही. मी दिवसभरात किती डायपर बदलते ते ठकूची आई मोजत होती. तोंडानं विचारलं असतं तर मी तोंडानं सांगितलं असतं. पण नाही, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

अठरा वर्षं मी दुसऱ्यांची मुलं सांभाळते आहे. जुळी सांभाळली, दात येताना चावणारी सांभाळली. एक तर माझ्याशिवाय कोणाच्या हातून बाटलीच घेत नसे, तो आता ट्रक चालवतो आणि रस्त्यात दिसला की हॉर्न वाजवून माझा जीव घाबरा करतो. माझ्या हाताखालच्या एकाही मुलाचं ढुंगण कधी सोललं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, कारण सांभाळणाऱ्या बाईची अब्रू शेवटी तिथेच असते.

ठकूचं मात्र सोललं होतं. सात महिन्यांची पोर. तीन आठवडे झाले होते. आधी नुसती लाली आली, मग चट्टे पडले, आणि मला नंबर दिसले त्या सोमवारी जांघेच्या घडीत कातडं फाटून ओल आली होती. कडेला टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. पाणी लागलं की ती अशी किंचाळायची की मीच हात मागे घ्यायचे. रडून रडून घसा बसला की मग आवाज न करताच रडायची, आणि ते तर अजिबात बघवत नसे.

दोन आठवड्यांपूर्वी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी जाड पांढरं मलम दिलं होतं. दर दोन तासांनी डायपर बदला, कोमट पाण्यानं धुवा, मलम लावा, थोडा वेळ उघडं ठेवा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर इस्पितळात ठेवावं लागेल, असंही बजावलं होतं.

मी सगळं बिनबोभाट करत होते. आणि खरं सांगायचं तर फरकही पडत होता. मी संध्याकाळी निघायचे तेव्हा लाली उतरलेली असायची, पोर हसायची. सकाळी आले की पुन्हा लालभडक. सोमवारी तर सगळ्यात वाईट. सोमवारच्या आधी शनिवार-रविवार येतात, आणि शनिवारी-रविवारी पोर आईबापांकडे असते. पाणी कुठे मुरतंय हे कळायला काही फार शिकावं लागत नाही.

ठकूची आई इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. तिथे म्हणे एक खोली असते, तिच्यात जाण्याआधी दोनदा हात धुवायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, आणि आत गेल्यावर मेजं, नळ्या, भिंती पुसून ते बोळे तपासायचे. बोळ्यावर कणभर काही आलं की पुन्हा पुसायचं. तरीही आलं तर सगळा माल फेकून द्यायचा. घरातही तिचं तेच चालायचं. मी आल्या आल्या हात धुवायचे, ठकूला घेण्याआधी पुन्हा धुवायचे, आणि ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून बघायची. तोंडावर मी तिला ताई म्हणायचे, पण मनातल्या मनात तपासनीसबाईच. ठकूचे बाबा एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे आणि तिथून फोन करून घरच्या सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण मनानं वाईट नाही.

त्या संध्याकाळी जिना उतरताना मी तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे थांबले. सगळ्या इमारतीचे कपडे ती उसवते आणि घट्ट-सैल करते, त्यामुळे तिच्याकडे सगळ्यांची मापं असतात आणि सगळ्यांच्या बातम्याही.

"काय गं, तोंड का असं पडलंय?" तिनं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"माझ्यावर पाळत ठेवलीये. डायपरवर नंबर घालून ठेवलेत."

"अगं बाई! का?"

"मी बदलत नाही म्हणून पोरीचं ढुंगण सोललं, असं तिला वाटतंय. स्वतः मात्र सुट्टीचे दोन दिवस पोरीला घाणीत ठेवते."

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? सोमवारी सकाळी पोरीचं अंग बघ म्हणजे कळेल. दोघंही उशिरापर्यंत लोळत असतील आणि पोर तिकडे भिजलेली."

शिवणवालीनं दोरा दातानं तोडला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिला नेहमीच वाटलेलं असतं.

मंगळवारी सकाळी मला एक गंमत सुचली. तिनं नंबर घातले होते माझ्यासाठी, पण आकड्याला थोडंच माहीत असतं की तो कोणावर पाळत ठेवतोय? सोमवारी मी निघाले तेव्हा ठकूच्या पोटावर तेहेतीस होता. मंगळवारी सकाळी मी पट्टी उलटून पाहिली तर चाळीस.

म्हणजे एका रात्रीत सात डायपर. एवढ्याशा पोरीला रात्रीत दोन लागतात, फार तर तीन.

कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. जी बाई रात्रीत सात वेळा डायपर बदलते ती पोरीला घाणीत ठेवत नाही, एवढं साधं गणित. पण संशयाला काहीही खायला घाला, तो ते पचवतो. मी म्हटलं, ही मुद्दाम आकडे फुगवतेय. उद्या नवऱ्याला दाखवेल, बघ, मी रात्रीतही सात बदलते आणि ही बया दिवसभरात तेवढेच.

खात्री करायला मी न्हाणीघरातली कचऱ्याची बादली उघडली. होय, उघडली, आणि हात घालून उपसलीही. ठकूनं शेजारच्या चटईवर पडल्या पडल्या माझं हे कर्तृत्व पाहिलं. सातांपैकी चार डायपर जवळजवळ कोरडे होते. बाकी सगळा कापूस. मुठीएवढाले बोळे, बादली अर्धी भरेल इतके, आणि सगळे पांढऱ्या मलमानं माखलेले. मी म्हटलं, बघा, मलमही वाया घालवते. झाकण लावलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

हे सगळं मी संध्याकाळी शिवणवालीला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. डायपर कोरडे होते हे सांगितलं, पण चारच होते हे सांगितलं नाही.

"हिच्या सासूला ठाऊक आहे का हे?" तिनं विचारलं. ठकूची आजी दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि कपडे शिवणवालीकडेच शिवायला टाकायची.

"तिला कोण सांगणार?" मी म्हटलं.

शिवणवालीनं पुन्हा मशीन चालू केलं. तू सांगू नकोस, असं मी म्हटलं नाही.

बुधवारी दूध काढायला गेले तर फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक चिठ्ठी लावलेली. शनिवार, अकरा वाजता, नवी बाई. अक्षर ठकूच्या बाबांचं होतं, नकाशावर लिहितात तसं सरळ आणि सुटं. माझ्या डोळ्यांसमोर लावताना त्याला काही वाटलं नसेल, कारण असल्या गोष्टी त्याच्या डोक्यातच येत नाहीत.

मी दूध तसंच हातात धरून उभी राहिले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. काम काय, दुसरं मिळेल. पण पोर सोलून ठेवलं म्हणून घालवलेल्या बाईला कोण दारात उभं करतं? अठरा वर्षांचं नाव एका शनिवारी जाणार होतं. आणि ठकू होती. मला दारात बघितलं की ती दोन्ही हात वर करायची आणि मी उचलेपर्यंत खाली घ्यायची नाही. नव्या बाईसमोरही ती तसेच हात वर करेल का, हे मनात आलं आणि मला ती नवी बाई न बघताच आवडेनाशी झाली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता कुलपात किल्ली फिरली. ठकूची आई सहाच्या आत कधी येत नसे. ती आत आली, चपला काढल्या, हात धुतले आणि न पुसताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल झाले होते. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. त्या बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती, ते मी तेव्हा पाहिलं, पण तेव्हा मला त्याचं काय?

"मावशी, आता बदलायची वेळ झाली असेल ना तिची?"

"झालीच आहे."

"बदला. मला बघायचंय तुम्ही कसं करता."

"बघा की," मी म्हटलं. कर नाही त्याला डर कशाला?

मी ठकूला चटईवर घेतलं. डायपर सोडला. थोडी शी झाली होती. कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून मी तेवढी हलकेच टिपून घेतली. खाली सकाळचा पांढरा थर तसाच होता, छान चिकटून बसलेला. त्याला मी हात लावला नाही. कोरड्या फडक्यानं टिपलं, पंख्याच्या वाऱ्यावर पाच मिनिटं उघडं ठेवलं आणि त्या थरावरच आणखी मलम बोटानं पसरलं. ठकू कुरकुरली, पण रडली नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आणि खालचं? खालचं तसंच ठेवलंत?"

"खालचं मलम आहे ते, ताई."

"त्या मलमात काय काय अडकलंय माहितीये तुम्हाला? सकाळपासूनची सगळी घाण! पुसायचा कंटाळा म्हणून वरून थापता तुम्ही. मला वाटलंच होतं. रोज संध्याकाळी मी येते तेव्हा हा एवढा गिलावा असतो तिच्या अंगावर, आणि तो काढता काढता माझ्या नाकी नऊ येतात!"

"काढता?" मी म्हटलं. "कशाला काढता?"

"सरका."

तिनं मला बाजूला केलं, कापसाचा गठ्ठा ओढला, बोळा पाण्यात बुडवला आणि पुसायला लागली. बोळ्यावर मलम आलं. दुसरा घेतला. त्याच्यावरही आलं. तिसरा, चौथा. ते मलम पाण्यानं सुटत नाही, म्हणूनच तर ते दिलेलं असतं. ती घासत होती. पाचव्या बोळ्याला ठकूनं किंचाळी फोडली आणि पाय पोटाशी ओढले. आईनं एका हातानं दोन्ही घोटे धरले आणि बोळा उजेडात धरून बघितला, कारखान्यात बघत असेल तसाच. सहाव्यावर मलम नव्हतं. सहाव्यावर रक्ताचे ठिपके होते.

"थांबा!" मी ओरडले. आठ महिने झाले असतील मला त्या घरी येऊन, बाळंतपणाच्या आधीपासून. मी तिथे आवाज चढवला नव्हता कधी. "तुम्हीच सोलताय तिला! रोज रात्री सात-सात वेळा हेच करत होतात!"

"मी? मी स्वच्छ करतेय! तुम्ही घाणीवर थापलंत म्हणून मला करावं लागतं!"

आम्ही दोघी ठकूच्या अंगावरून एकमेकींवर ओरडत होतो आणि मधे ती उघडी पोर किंचाळत होती. दोघींनाही वाटत होतं, चोर सापडला. शेवटी मीच म्हटलं, चला डॉक्टरीणबाईंकडे, आत्ता. दूध का दूध होऊ दे.

दवाखाना चार गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, चष्मा कपाळावर ढकलून जवळून बघणाऱ्या. त्यांनी ठकूला पालथं केलं, बोटानं कातडी ताणली, कडेचे ठिपके पाहिले.

"हे ठिपके बुरशीचे. त्याला वेगळं मलम देते, ते आधी पातळ लावायचं. पण हे मधलं," त्या म्हणाल्या, "हे बुरशीनं नाही झालं. हे घासून झालंय. पांढरा थर काढायचा नसतो. वरची घाण तेवढी टिपायची, खालचा थर राहू द्यायचा. त्याच्याखाली कातडी भरते. दर वेळी खरवडून काढलं तर नवी आलेली कातडीही त्याच्याबरोबर जाते. कोण काढतं हे?"

मी ठकूच्या आईकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. "दिवसभर याच असतात तिच्याजवळ."

एरवी मला गप्प करायला चार माणसं लागतात.

"मी नाही," एवढंच मी म्हटलं, तेही उशिरा.

"कोणीच कबूल करत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या थकलेल्या दिसत होत्या, बाहेर सात मुलं रडत होती. "बाई, तुमचं वय झालं, मुलं वाढवलीत, आणि एवढ्याशा जिवाला असं घासता? आजपासून बंद. सोमवारी दाखवा. असंच राहिलं तर मी भरती करणार."

बाहेर आल्यावर ठकूची आई भराभर पुढे चालायला लागली. मी मागून गाठलं.

"ताई, खोटं का बोललात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर टॅक्सी आली ती तिनं थांबवली आणि पोरीला घेऊन बसली. ठकूनं काचेतून माझ्याकडे दोन्ही हात वर केले. टॅक्सी गेली.

सात वाजता ठकूच्या बाबांचा फोन आला. "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुःख होतं, आणि तेच जास्त लागलं. "उद्यापासून येऊ नका. तुमचा डबा आणि छत्री इथे राहिलीये, ती रविवारी येऊन घेऊन जा." मी सांगायचा प्रयत्न केला. "डॉक्टरांसमोर सगळं झालंय ना," तो म्हणाला. उंटावरून उतरून बघायची तेव्हाही त्याला गरज वाटली नाही.

शुक्रवार मी घरात बसून काढला. सगळा दिवस त्या बाईला शिव्या घातल्या, मनात आणि मोठ्यानंही. माझ्या बहिणीनं दोनदा येऊन विचारलं, कोणाशी बोलतेयस? पण संध्याकाळ झाली तसा राग थोडा बाजूला सरकला आणि दुसरीच भीती पुढे आली. खोटं टिकवायचं म्हटलं की माणूस काहीही करतं. मावशी गेली आणि पोर लगेच बरी झाली, तर ते सोयीचंच. पण तिला अजूनही वाटत असेल की मीच घाण ठेवायचे, तर? ती आजही घासत असेल, तर? शनिवार-रविवार दोन दिवस पोर तिच्याच हातात, आणि सोमवारी भरती. अब्रू गेली ती गेली. ठकूचं कातडं अजून जायचं होतं.

शनिवारी दहा वाजता मी तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. शिवणवालीनं खालून हाक मारली होती, पण मी थांबले नव्हते.

दार ठकूच्या बाबांनी उघडलं. "मावशी, मी रविवारी म्हटलं होतं."

"डबा न्यायला नाही आले. एकदा तिला बघू द्या, मग जाते."

तो दारात तसाच उभा राहिला. आतून तिचा आवाज आला, "येऊ दे त्यांना."

मी हात धुतले. सवयच ती, जाता जात नाही. आत गेले. ठकू सुती चादरीवर उघडी पडली होती आणि स्वतःच्या पायाचा अंगठा धरायचा प्रयत्न करत होती. जांघेत, मागे, सगळीकडे पांढरा जाड थर होता. मी वाकून पाहिलं. कडेचे ठिपके फिकट झाले होते. थर जिथे पातळ होता तिथे खाली गुलाबी, कोरडी कातडी दिसत होती. दोनच दिवसांत. मला एवढा आनंद झाला की सगळ्या शिव्या विसरायला झाल्या.

तिची आई चादरीच्या कडेला बसली होती, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते. केस विंचरलेले नव्हते.

"लावलंत ना बरोबर," मी म्हटलं.

"लावलं. पण बघवत नाही मला, मावशी. त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही ना. हात शिवशिवतात. म्हणून हात असे ठेवून बसलेय." मग तिनं दाराकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या बाईला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"का? अकरा वाजता येतेय ती. ठरलंय आपलं."

"मावशींनी काही केलं नव्हतं. मी घासत होते. रोज. मी सोलली तिला."

ठकूचे बाबा हातात फोन घेऊन तसेच उभे राहिले. "पण डॉक्टरांसमोर तू..."

"खोटं बोलले."

"अगं पण का?"

मी ठकूला उचलून मांडीवर घेतलं. दुसरं काय करायचं ते मला सुचेना. दोन दिवस मी या एका वाक्याची वाट बघितली होती. ते ऐकताना कसं छान वाटेल, मी काय काय सुनवेन, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"जन्मली तेव्हा अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती," ती नवऱ्याला म्हणाली. "जंतुसंसर्ग. तुझी आई म्हणाली होती, हिनंच कारखान्यातून काहीतरी आणलं असेल. तू गप्प बसला होतास. तेव्हापासून मला दिसेल तिथे पुसावंसं वाटतं. पुसून पांढरा बोळा पांढरा राहिला की मला श्वास घेता येतो. मला वाटत होतं, मी तिला वाचवतेय."

"मला सांगायचंस," तो म्हणाला, आणि खाटेच्या कडेवर बसला.

"आणि गुरुवारी दुपारी तुझ्या आईचा फोन आला कारखान्यात. सगळ्यांसमोर घेतला मी. म्हणाल्या, सुट्टीचे दोन दिवस पोरीला घाणीत ठेवतेस म्हणे, डायपर वाचवतेस म्हणे, उशिरापर्यंत लोळत पडतेस म्हणे. मी! जी रात्रीतून सात वेळा उठते! मी तिथूनच रडत घरी आले. आणि दोन तासांनी डॉक्टर विचारतात, कोण काढतं हे. माझ्यानं 'मी' म्हणवलंच नाही. पहिल्यांदा आजारी पाडलं तीही मी, आता सोललं तीही मीच... मी नाही म्हणू शकले." तिनं मांडीखालून एक हात काढला, माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्या भेगा खरबरीत लागल्या. "मावशी, माफ करा मला. तुमचं नाव मी बुडवलं. डॉक्टरांना मी सकाळी फोन करून खरं सांगितलंय. आईंनाही सांगेन."

मी मान हलवली.

"पण आईला हे असलं सांगितलं कोणी?" ठकूच्या बाबांनी विचारलं. तो आता चिडला होता, बायकोसाठी चिडला होता, बहुतेक पहिल्यांदाच. "खालची शिवणवाली. दुसरं कोण? जातो आणि विचारतो तिला, तुला कोणी सांगितलं म्हणून."

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "ज्यानं कोणी सांगितलं असेल त्यानं मला कधी जवळून पाहिलेलंही नसेल."

ठकूनं माझ्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं. ते मी हळूच सोडवलं. तिला उचललं आणि तिच्या आईच्या मांडीवर दिलं, कारण पुढचं ऐकल्यावर ती मला पुन्हा घेऊ देईल की नाही याची मला खात्री नव्हती.

"शिवणवालीला मी सांगितलं होतं," मी म्हटलं.